अंबूअक्का आणि रिकामा रकाना

बिदरच्या ऑफिसात मी रुजू झालो त्या सकाळी अंबूअक्काने मला "ये, बस" असं काही म्हटलं नाही. माझा अर्ज मागून घेतला, खिडकीपाशी उभी राहून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला आणि एका जागी बोट ठेवून विचारलं,

"हितं 'पूर्वीचं काम' म्हणून रकाना हाय. रिकामा कामून सोडलास?"

"पूर्वी कुठं काम केलं नाही, अक्का."

"मग 'न्हाई' म्हणून लिव्हायचं. रिकामं सोडलं की मला काय कळणार? केलं न्हाईस, का केलंस आन लपवायलास?"

मला राग आला. मी नुकता कलबुर्गीहून इंजिनिअर होऊन आलेला, आणि समोर ही सुती साडीतली, चष्मा कपाळावर चढवलेली चाळिशीतली बाई. ती मालकीणसुद्धा नव्हती. मालक होते बिरादार सर. ते आत बसून हसत होते. मी पेन काढलं आणि रकान्यात 'नाही' लिहिलं. अक्काने ते वाळेपर्यंत वाट पाहिली आणि मग अर्ज फाइलीत लावला.

बिरादार सरांचं ऑफिस म्हणजे एका मेडिकल दुकानाच्या वरच्या दोन खोल्या. दवाखाने, शाळा, दूध संघ अशांसाठी आम्ही पाच-सहाजण प्रोग्रॅम लिहायचो आणि आमच्या हातून सुटलेल्या चुका अक्का शोधायची. तिचं पूर्ण नाव अंबिका मेत्रे. मूळ घर कमलनगरकडचं. आजोबांपर्यंत मेंढरं होती, नंतर शेती. कॉलेज तिने पाहिलं नव्हतं. दहावीनंतर टायपिंग शिकली आणि पुढे बरीच वर्षं सरकारी-खाजगी ठिकाणी लोकांचे फॉर्म कॉम्प्युटरवर चढवत राहिली. लोक काय लिहितात, काय लिहीत नाहीत आणि काय खोटं लिहितात हे इतकं पाहिल्यावर तिचा कोणत्याही कागदावर भरवसा उरला नव्हता.

कागदावरच कशाला, कशावरच नव्हता. बसवर हुमनाबादची पाटी असली तरी ती आधी ड्रायव्हरला विचारायची, मग कंडक्टरला वेगळं गाठून विचारायची आणि दोघांची उत्तरं जुळली तरच पायरीवर पाय ठेवायची. फोन उचलला की "हॅलो" नाही, "कोण? कशाला?" उत्तर यायला उशीर झाला तर तेच कन्नडमध्ये, आणि तरीही उशीर झाला तर दखनी उर्दूत. कुणी तिच्या साडीचं कौतुक केलं तर ती थांबून त्याच्याकडे बघायची आणि म्हणायची, "काय काम हाय, सांग." एक मात्र होतं. तिचा संशय कुणा एकावर नसे. मालक, शिपाई, मी, ती स्वतः, सगळ्यांवर सारखा. एखादं काम स्वतः तपासून झालं की घटकाभराने परत तपासायची. "मघाशी बघितलं ती बी मीच होते ना," ती म्हणायची. "तिचा काय भरवसा?"

आमच्या भागात पूर्वी शाळेत नाव घालताना जन्मतारीख माहीत नसली की मास्तर एक जून लिहीत. अर्ध्या जिल्ह्याचा वाढदिवस एक जून. अक्काचाही कागदोपत्री तोच. एका वर्षी आम्ही पोरांनी त्या दिवशी केक आणला.

"ह्या तारखेला मी जन्मले न्हाई," ती म्हणाली. "ह्या तारखेला मास्तरला इचारायचा कटाळा आला होता."

तिने केक कापला, सगळ्यांना दिला, स्वतःही खाल्ला. मग बोटं पुसता पुसता म्हणाली, "ती जागा तशीच ठेवली असती तर बरं झालं असतं. आपल्याला म्हाईत न्हाई एवढं तरी खरं ऱ्हायलं असतं."

तिच्या स्वतःच्या फाइलीतही एक रकाना रिकामा होता: पतीचे नाव. गळ्यात काळे मणी होते. ऑफिसात त्यावर बरंच कुजबुजणं चालायचं. नवरा सोडून गेला म्हणे. नाही, हिनेच सोडला. नाही, दुबईला असतो. तीन वर्षांत कुणाला खरं कळलं नाही. एकदा माझ्या कामातल्या चुका ती मोजून दाखवत होती तेव्हा मी चिडून बोलून गेलो, "अक्का, तुमच्या फॉर्ममध्येसुद्धा एक रकाना रिकामा आहे."

अक्काने चष्मा कपाळावरून नाकावर घेतला.

"व्हय. मला इचारलंय ते कळलंय, उत्तर बी म्हाईत हाय, आन द्यायचं न्हाई. असं बी एक रिकामं असतंय." मग माझ्या स्क्रीनकडे बोट केलं. "कुणाला म्हाईतच न्हाई म्हणून रिकामं, कुणी इचारलंच न्हाई म्हणून रिकामं, आन माझं हे. तुझ्या प्रोग्रॅमला ह्यातला फरक कळतो का?"

"नाही."

"मग मी त्याच्यावर भरवसा कामून ठेवू?"

त्यानंतर काही महिन्यांनी हुमनाबादच्या डोळ्यांच्या एका दवाखान्याचं काम आलं. ते गावोगाव शिबिरं घेत, मोतीबिंदूचे पेशंट नोंदवत आणि मग ठरल्या तारखेला ऑपरेशनला बोलावत. मी त्यांच्यासाठी शोधायचा स्क्रीन केला. गाव, तालुका, तारीख, डावा डोळा की उजवा, असे रकाने. माणसाने जो रकाना भरला असेल त्याची अट लावायची आणि जो रिकामा आला असेल ती अट गाळून टाकायची. फक्त गाव भरलं तर त्या गावाचे सगळे. गाव आणि तारीख भरली तर त्या गावाचे, त्या दिवसाचे. तीन ओळींत बसलं होतं सगळं. मला त्या तीन ओळींचा अभिमान होता.

अक्काने ते तासभर चालवून पाहिलं. तपासताना ती मुद्दाम वेड्यासारखं वागायची. नावाच्या जागी फोन नंबर, फोनच्या जागी नुसती मोकळी जागा. "लोकं असंच करतेत," म्हणायची. मग मला बोलावलं.

"आन सगळेच रकाने रिकामे आले तर?"

"तर एकही अट लागणार नाही. सगळी नावं दिसतील."

"सगळी?"

"शोधताना तेच हवं असतं, अक्का."

"दिसू देत मग," ती नाखुशीने म्हणाली. "दिसण्यानं कुणाचं काय जात न्हाई."

पुढे दवाखान्याला आणखी एक बटन हवं झालं. एखाद्या गावची ऑपरेशनं पुढे ढकलली की त्या गावच्या पेशंटांची पाळी एकदम रद्द करायची आणि सगळ्यांना मोबाइलवर तसा मेसेज जायचा. त्या आठवड्यात अक्काच्या नात्यात लग्न होतं, ती रजेवर होती. सरांनी विचारलं, तपासायला तिची वाट बघायची का? मी म्हटलं, गरज नाही सर, शोधायचंच कोड आहे, अक्काने पाहिलेलं. मी त्याच तीन ओळी रद्द करण्याच्या बटनामागे लावल्या. अक्का परत आल्यावर मी तिला हे सांगितलं नाही. ती हजार प्रश्न विचारील म्हणून.

एका मंगळवारी दुपारी दवाखान्यातून फोन आला. सगळ्या पेशंटांची पाळी रद्द झाली होती. एका गावाची नाही, सगळ्या तालुक्यांची. मराठीत आणि कन्नडमध्ये मेसेज गेले होते: आपले ऑपरेशन रद्द झाले आहे.

बटन दाबलं होतं सिद्रामने. हा दवाखान्यातला नोंदणी करणारा कारकून, तिशीतला, बोलायला थोडा फटकळ. आदल्याच आठवड्यात रजेवरून त्याचं आणि व्यवस्थापकांचं मोठं भांडण झालेलं. त्यामुळे दवाखान्यात कुणाला शोध घ्यावासा वाटला नाही. मुद्दाम केलं, सूड घेतला, असं व्यवस्थापकांनी ठरवून टाकलं. त्यांनी बिरादार सरांना फोनवर एकच विचारलं: प्रोग्रॅम आपोआप असं करू शकतो का?

सरांनी फोन स्पीकरवर टाकून माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "नाही सर. बटन दाबल्याशिवाय काही होत नाही."

हे खरं होतं. पण बोलत असतानाच 'सगळेच रकाने रिकामे आले तर?' हे अक्काचं वाक्य मला आठवलं होतं. सकाळी जपून ठेवलेल्या प्रतीवरून सरांनी यादी संध्याकाळपर्यंत पूर्ववत करून दिली. गेलेले मेसेज मात्र परत येत नाहीत. आणि सिद्रामला उद्यापासून येऊ नकोस म्हणून सांगण्यात आलं.

अक्का तिच्या खुर्चीवरून माझ्याकडे बघत होती. दुसऱ्या दिवशी ऑफिसात सगळे सिद्रामबद्दल बोलत होते. कुणी म्हणे तो आधीपासून तसाच, कुणी म्हणे दुसऱ्या दवाखान्याने त्याला फितवलं असेल. सगळ्या जगावर संशय घेणारी अक्का तेवढी गप्प होती. तिसऱ्या दिवशी ती सकाळीच हुमनाबादला गेली आणि जेवणाच्या सुट्टीआधी परतली. माझ्या शेजारी स्टूल ओढून बसली.

"सिद्रामच्या घरी गेलते," ती हळू आवाजात म्हणाली. "लॅपटॉप नेलता. तपासणीच्या खोट्या यादीवर त्याला म्हटलं, त्या दिवशी जसं केलास तसंच करून दाखव. बोटबी बदलू नको. त्यानं गावाच्या रकान्यात 'जनवाडा' लिव्हलं. तुझ्या गावांच्या यादीत ते कन्नड वळणानं 'जनवाड' हाय. तुझ्या स्क्रीनला ते वळखू आलं न्हाई, स्क्रीननंच रकाना रिकामा करून टाकला. सिद्रामला वाटलं, घेतलं असंल. तारीख त्यानं लिव्हलीच न्हाई, जनवाड्याचं एकच शिबिर म्हणून."

मी स्क्रीनवर गावांची यादी उघडली. 'जनवाड'च होतं.

"त्यानं गाव सांगितलं होतं, संतोष. तुझ्या प्रोग्रॅमनं ते फेकून दिलं आन म्हणला, ह्यानं काही सांगितलंच न्हाई. मग अट गाळली. मग ऱ्हायलं काय?"

"अक्का..."

"सरांपुढं तू खरं बोललास. पर पुरं न्हाई बोललास. तुला तवाच कळलं होतं. मी बघत होते तुझ्याकडं."

तिला माझ्यावर ओरडता आलं असतं, पण तिने घड्याळाकडे पाहिलं.

"सिद्रामची पोरगी मला इचारायली, बाबा घरीच कामून असतेत. मी काय सांगू तिला? सरांना मी सांगायचं का तू सांगतोस? जेवायच्या सुट्टीपर्यंत बस इचार करत."

मी जेवणाच्या सुट्टीची वाट पाहिली नाही. सरांनी ऐकून घेतलं आणि फोन माझ्यापुढे सरकवला. व्यवस्थापकांना मीच सांगितलं. पलीकडून जे ऐकावं लागलं ते ऐकलं. सिद्राम पुढच्या सोमवारी कामावर परत गेला. मी माफी मागायला गेलो तेव्हा त्याने पाणी दिलं, चहा दिला, पण माझ्याशी पुन्हा पूर्वीसारखं बोलला नाही. त्याला दोष देता येत नाही.

कोड दुरुस्त करताना अक्का शेजारी बसून होती. रकाना माणसाने रिकामा सोडला आणि माणसाने भरला पण आपल्याला कळला नाही, ह्या दोन गोष्टी तिने मला वेगळ्या करायला लावल्या. कळला नाही तर विचारायचं. आणि रद्द करताना एकही अट उरली नाही तर पुढे जायचंच नाही. "बघताना गाळलं तर चालतंय," ती म्हणाली. "हात लावताना गाळायचं न्हाई."

आता राहिलं पेशंटांना परत बोलावणं. दुसरा मेसेज पाठवून भागणार नाही, लोक आता मेसेजवर विश्वास ठेवणार नाहीत, असं अक्काचं मत पडलं आणि आम्ही फोन करायला बसलो. माझा पहिलाच फोन एका म्हाताऱ्याने आपटला. "ओटीपी मागशील आता. ठेव!" दुसऱ्याने शिव्या दिल्या. मी रडकुंडीला आलो. अक्काच्या चेहऱ्यावर मात्र मी कधी न पाहिलेलं समाधान होतं. ती फोनवर सांगत होती, "बरोबर हाय काका, माझ्यावर इश्वास ठेवूच नका. मी कोण, तुमाला काय म्हाईत? गावातल्या आशाताईला इचारा. दवाखान्याच्या कागदावर नंबर हाय, त्याच्यावर सोता फोन लावा. खात्री झाली तरच या." तिचे बहुतेक पेशंट आले.

पण काहींच्या फोनचा रकानाच रिकामा होता. अक्काने ती नावं वेगळी काढली आणि त्यांच्या तारखा पाहिल्या. त्यांना रद्द झाल्याचा मेसेज मिळालाच नसणार. म्हणजे ज्यांची पाळी त्याच मंगळवारी होती ते दवाखान्यात आले असणार, आणि तेव्हा यादीत नाव नाही म्हणून त्यांना परत धाडलं असणार. तिने पर्स उचलली. मलाही उठवलं.

हुमनाबादजवळच्या एका वाडीत गंगाबाई नावाची म्हातारी सापडली. एकटी राहायची. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. बाजेवर बसून तांदळातले खडे बोटांनी चाचपून काढत होती. अक्काने सगळं सांगितलं, चूक कुणाची तेही. मी मान खाली घालून उभा.

"आधी तुमीच बोलिवलं," गंगाबाई म्हणाली. "दोन बसा बदलून गेले. मग म्हणले तुजं नाव न्हाई. आता परत या म्हणायलाव. मी कामून इश्वास ठेवू?"

मला वाटलं आता अक्का समजावणार. ती म्हणाली, "ठेवू नका. तुमच्या जागी मी असते तर मी बी ठेवला नसता. बुधवारी सकाळी मी सोता न्यायला येते. आले तर चला. न्हाई आले तर माझ्या नावानं बोंबला."

"तुजं नाव काय?"

"अंबिका मेत्रे. कमलनगरकडची."

"कुण्या मेत्र्यांची?"

दोघी अर्धा तास एकमेकींची उलटतपासणी घेत होत्या. गोत, गाव, सोयरे, कुणाच्या शेताला कुणाचं शेत लागून. निघताना गंगाबाई फक्त एवढंच म्हणाली, "बगू बुधवारी."

बुधवारी पहिल्या बसने अक्का गेली. मीही बरोबर होतो. दारात उभी राहिल्यावर म्हातारी म्हणाली, "बोल की जरा. त्या दिवशीचीच हायस का बगू दे." अक्का बोलली, बराच वेळ बोलली. मग गंगाबाईने पिशवी उचलली.

ऑपरेशननंतर दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली तेव्हा तिने भोवती पाहिलं, आवाजाच्या दिशेने पाहिलं आणि अक्काला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "आवाजावरनं म्हातारी वाटलीस," ती म्हणाली. "ल्हान हायस की!" अक्का खळखळून हसली. तीन वर्षांत मी तिला तसं हसताना तेवढंच पाहिलं.

वर्षभराने अक्काने नोकरी सोडली. कारण सांगितलं नाही. आईकडे बघायला कुणी नाही एवढंच सरांकडून कळलं. ऑफिसात नवी तपासणारी मुलगी आली. हुशार होती, भराभर काम उरकायची. मला मात्र काही लिहून झालं की उगाच मागे वळून बघायची सवय लागली होती.

गेल्या हिवाळ्यात उदगीरला जाताना मी कमलनगरला उतरलो आणि विचारत विचारत तिच्या घरी गेलो. पत्र्याचं घर, पुढे शेवग्याचं झाड. अक्का दारात आली. केस बरेच पिकले होते.

"तू? कामून आलास? काय बिघडलंय?"

"काही नाही अक्का. सहज."

"सहज कुणी येत न्हाई," ती म्हणाली, पण बाजूला सरली.

आत बाजेवर तिची आई बसली होती. बारीक चणीची, डोळे मात्र तल्लख. अक्का चहा ठेवायला गेली तशी तिने मला विचारलं, "ती बाई कोण हाय हो? कवापासून ह्या घरात फिरायली. काय उचलून नेईल."

अक्का हातातलं पातेलं ठेवून बाहेर आली आणि आईपुढे उभी राहिली. चिडली नाही, की डोळ्यांना पदरही लावला नाही.

"मी अंबू, माय. तुजी थोरली."

"कशावरून?"

"बरोबर इचारलीस," अक्का म्हणाली. ती खाली बसली. "मी सात वर्साची असताना तू मला जत्रंत इसरून आलतीस. बांगड्यावाल्याच्या पालापाशी. मग अर्ध्या वाटंवरनं पळत आलीस आन मलाच हाणलीस. हे तुला आन मलाच म्हाईत हाय. दुसऱ्या कुणाला सांगितलं न्हाईस तू."

म्हातारीने अक्काची हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवला.

"लागलं होतं का गं?"

"न्हाई."

"बरं," म्हातारी म्हणाली. "बस मग."

अक्का बाजेच्या कडेला बसली, पाहुणी बसते तशी, अंग चोरून. मी चहा घेतला आणि निघालो. ती उठायला लागली तर मीच नको म्हटलं. फाटकाची कडी लावत होतो तेव्हा आतून म्हातारीचा आवाज आला, "कोण गं तू?" आणि पाठोपाठ अक्काचा, अगदी पहिल्यांदाच सांगत असल्यासारखा, "मी अंबू, माय. तुजी थोरली."